छोट्या ट्रॅक्टरच्या इंजिनातील तेलगळती: उगम सापडेपर्यंत पाना लावू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन सिलिंडरच्या एका छोट्या डिझेल ट्रॅक्टरच्या इंजिनातून तेल गळते आहे. टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे, पॅकिंग दोनदा बदलले, क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, पुढचे ऑइल सीलही नवे घातले, तरी काही तास काम झाले की इंजिनाचा खालचा भाग पुन्हा ओला होतो. आता बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामधल्या क्लचच्या घराच्या, तळाच्या छिद्रातूनही थेंब पडू लागले आहेत. क्रँकचे मागचे सील गेले असून ट्रॅक्टर मधोमध उघडावा, म्हणजे इंजिन मागच्या भागापासून वेगळे करावे लागेल, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. तो उघडावा, की त्याआधी आणखी काही तपासावे, असे विचारले आहे.

माझे मत असे की ट्रॅक्टर आत्ताच उघडू नये. मागचे सील खरोखर गेलेले असू शकते, ती शक्यता मी नाकारत नाही. परंतु नवे पॅकिंग आणि नवे सील घातल्यानंतरही तीन वेगवेगळ्या जागी लागोपाठ तेल येऊ लागते, तेव्हा ते तीन स्वतंत्र बिघाड असण्यापेक्षा त्यांच्यामागे एकच कारण असण्याचा संभव अधिक असतो. एक तर क्रँककेसमधला, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पोकळीतला, दाब वाढलेला आहे आणि तो जो सांधा कच्चा सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो आहे, किंवा तेल एकाच जागेतून निघून वाऱ्याने आणि उताराने इंजिनभर पसरते आहे. या दोन्ही परिस्थितींत मागचे सील बदलल्याने गळती थांबणार नाही, आणि सर्वांत मोठे काम मात्र करून बसावे लागेल.

सुरुवात गळणारा द्रव कोणता हे ठरवण्यापासून करावी. छोट्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन, डिझेलची यंत्रणा, रेडिएटर, गिअर बॉक्स आणि हायड्रॉलिक पंप हे सगळे हातभर अंतरात दाटीवाटीने बसवलेले असतात, त्यामुळे खाली पडलेला डाग पाहून अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. डिझेल इंजिनातले तेल थोड्याच तासांत काजळीने काळे पडते. गिअर बॉक्सचे आणि हायड्रॉलिकचे तेल मात्र बराच काळ पिवळसर किंवा तांबूस आणि पारदर्शक राहते, आणि गिअर ऑइलला बहुधा गंधकासारखा उग्र वास असतो. रात्री इंजिनाखाली स्वच्छ पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवावा आणि सकाळी डागांचा रंग, वास आणि जागा पाहावी. तेलाची पातळी पाहण्याच्या गेज काडीवरचा एक थेंब शोषक कागदावर टाकून काही तास ठेवावा. मधल्या काळ्या ठिपक्याभोवती पातळ, फिकट आणि रुंद कडे पसरले, तर तेलात डिझेल मिसळत असल्याचा संशय घ्यावा. त्याचे महत्त्व पुढे येईल. आणखी एक फसवी खूण म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यातून येणारा काळा चिकट ओघळ. इंजिन बराच वेळ नुसते आयडलवर, म्हणजे भाराविना संथ फेऱ्यांवर, किंवा अगदी हलक्या कामावर चालले की पूर्ण न जळलेले डिझेल आणि थोडे तेल एक्झॉस्टमध्ये साचून तिथून पाझरते. पूर्ण भाराचे काम दिल्यावर तो ओघळ कमी होत असेल, तर तेलाच्या पॅकिंगांना हात लावण्याचे कारण नाही.

यानंतर इंजिन धुवावे. ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि चुकीचा भाग बदलला जाण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. गळत्या इंजिनावर धूळ आणि तेल मिळून बोटभर जाड थर जमतो, आणि त्या थरातून तेल केशवाहिनीसारखे वर, खाली आणि आडवे सरकत राहते. अशा वेळी ओली जागा म्हणजे गळतीची जागा असे म्हणता येत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना थर खरवडून काढावा, ब्रशने डीग्रीझर किंवा डिझेल लावून नंतर साबणाच्या पाण्याने धुवावे, आणि धुण्यापूर्वी अल्टरनेटर, स्टार्टर, एअर क्लीनरचे तोंड व ब्रीदर (क्रँककेसमधला गॅस बाहेर सोडणारी वाट) प्लास्टिकने झाकावेत. दाबाच्या पाण्याचा फवारा सीलच्या ओठावर किंवा डिझेल पंपावर सरळ मारू नये. नंतर इंजिन पूर्ण सुकू द्यावे आणि संशयित सांध्यांवर खडूची किंवा टाल्कमची पूड भुरभुरावी.

मग घाई न करता टप्प्याटप्प्याने पाहावे. प्रथम १० मिनिटे आयडलवर, नंतर इंजिन गरम होईपर्यंत वाढीव फेऱ्यांवर, आणि शेवटी अर्धा तास खऱ्या भाराखाली काम करून. प्रत्येक टप्प्यानंतर इंजिन बंद करून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाहावे. मागच्या अरुंद जागेत डोळा पोहोचत नसेल तर मोबाइल हातात धरून चित्रीकरण केल्यास पुष्कळ दिसते. गळती कोणत्या टप्प्यात सुरू झाली यावरून कारणाचा माग लागतो. थंड असताना गळून गरम झाल्यावर थांबते, ती बहुधा कडक झालेल्या रबराची असते. उभ्या ट्रॅक्टरखाली रात्रभर पडते, ती तेलाच्या पातळीखालच्या सांध्याची, म्हणजे चेंबरचे (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीचे) पॅकिंग, ड्रेन प्लग अशा जागांची असते. चालू होताच जोराने येते, ती दाबाच्या मार्गावरची, म्हणजे ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशर स्विच किंवा तेलाची नळी. आणि फक्त भार पडल्यावर येते तेव्हा क्रँककेसच्या दाबाकडे पाहावे.

पाहताना सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. तेल खाली उतरते हे सर्वांनाच कळते. पण बहुतेक ट्रॅक्टरांत पंखा समोर असतो आणि तो रेडिएटरमधून ओढलेली हवा इंजिनावर मागे फेकतो, त्यामुळे पुढच्या सीलमधून सुटलेला थेंब ब्लॉकच्या बाजूने मागे जात थेट बेल हाउसिंगच्या सांध्यापर्यंत पोहोचतो, हे विसरले जाते. तेल वरच्या-पुढच्या कोपऱ्यातून निघते आणि डाग खालच्या-मागच्या कोपऱ्यात पडतो. उगम तरीही सापडत नसेल, तर तेलात मिसळण्याचे चमकणारे रसायन आणि जांभळ्या प्रकाशाची टॉर्च यांचा उपयोग करावा. पाझर अगदी संथ असेल तेव्हा ही पद्धत इतर कोणत्याही युक्तीपेक्षा भरवशाची आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. नव्या इंजिनातही उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. बऱ्याच छोट्या इंजिनांत तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो: आत पत्र्याचा आडोसा, तारेची जाळी किंवा फोम, आणि बाहेर एक रबरी नळी. गॅसबरोबर आलेले तेलाचे तुषार जाळीवर थांबून परत खाली पडावेत, ही तिची योजना. ही जाळी काजळी आणि घट्ट झालेल्या तेलाने भरली, नळी दुमडली, किंवा नळीचे तोंड मातीने अथवा किड्यांच्या घरट्याने बुजले, की गॅसला वाट राहत नाही. मग तो टॅपेट कव्हर, गेज काडीचे भोक, पुढचे सील, मागचे सील, जिथे मिळेल तिथून तेलासह निघतो. कव्हर काढून नवे पॅकिंग घालणारा माणूस ब्रीदरची जाळी तशीच ठेवून कव्हर पुन्हा बसवतो, आणि नवे पॅकिंगही थोड्याच दिवसांत ओले होते. आपल्या इंजिनात दोनदा पॅकिंग बदलूनही जे घडले, ते याच्याशी नेमके जुळते.

तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलवर ठेवावे आणि तेल भरण्याचे झाकण सैल करून भोकावर उलटे ठेवावे. झाकण किंचित थरथरत राहिले तर काळजी नाही. ते उडू लागले किंवा भोकातून धुराचे ठोके बाहेर येऊ लागले, तर दाब आहे. त्यानंतर ब्रीदरची नळी काढून हीच तपासणी पुन्हा करावी. नळी काढताच झाकण शांत झाले, तर दोष नळीत आहे. नळी काढूनही झाकण उडत राहिले पण ब्रीदरच्या तोंडातून मात्र फारसे काही येत नसेल, तर आतली जाळी तुंबली आहे. आणि दोन्हीकडून जोराने गॅस येत असेल, तर इंजिन ज्याला मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते मारते आहे. म्हणजे रिंग किंवा लायनर (सिलिंडरची आतली नळी) झिजले आहेत, रिंगा खाचेत अडकल्या आहेत, किंवा पिस्टनला इजा झाली आहे.

याहून नेमके मोजायचे असेल, तर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून एका फळीवर बांधावी, तिच्यात निम्म्यापर्यंत पाणी भरावे आणि एक टोक गेज काडीच्या भोकाला घट्ट जोडावे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे क्रँककेसचा दाब. निश्चित मर्यादा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावी, परंतु ब्रीदर साफ करण्यापूर्वीचा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवला की बहुतेक वेळा तेवढ्यावरच निदान होते. फळी पुरेशी उंच ठेवावी आणि ज्या इंजिनात ब्रीदरची नळी इनटेकला जोडलेली असते तिथे उलट ओढही असू शकते हे ध्यानात घेऊन पाणी इंजिनात जाणार नाही अशी काळजी घ्यावी.

जाळी साफ करताना ती सुटी होत असेल तर डिझेलमध्ये भिजवून, धुऊन, हवा मारून पूर्ण सुकवावी. फोम ठिसूळ झाला असेल तर नवाच घालावा. पत्र्याचा आडोसा रिव्हेटने बंद केलेला असेल तर अख्खे कव्हर भिजत ठेवावे, आणि उलटे करून नळीच्या तोंडातून स्वच्छ डिझेल सहज वाहते का ते पाहावे. जाळी काढून टाकून मोकळी वाट करून देण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये, कारण मग तेलाचे तुषार सरळ नळीतून बाहेर फेकले जातात आणि नवी गळती दिसू लागते.

बॅक कॉम्प्रेशन निघाले, तर पुढचा निर्णय वेगळा आहे. कॉम्प्रेशन तपासून कोणता सिलिंडर दुबळा आहे ते पाहावे. त्या अवस्थेत कितीही सील बदलली तरी ती टिकणार नाहीत. आधी इंजिनाचे काम करावे आणि पॅकिंगा-सीलांचा खर्च त्याच वेळी करावा.

दाबाइतकेच दुर्लक्षित कारण म्हणजे तेलाची पातळी. पातळी सपाट जमिनीवर, इंजिन बंद करून तेल खाली उतरू दिल्यावर पाहावी. जास्त भरलेल्या तेलात क्रँक आपटत राहतो, तेलाला फेस येतो आणि सीलवर व ब्रीदरवर नको तेवढे तेल उडते. न भरताच पातळी वाढत असेल तर ती धोक्याची सूचना आहे. कॅमने चालणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटला किंवा डिझेल पंपातून आत गळती झाली की डिझेल चेंबरमध्ये उतरते. वर सांगितलेली कागदावरची चाचणी याचसाठी. हायड्रॉलिक पंप टायमिंग गिअरवर बसवलेला असेल आणि त्याच्या दांड्याचे सील गेले असेल, तर हायड्रॉलिकचे तेल इंजिनात येते, आणि कधी पंपाच्या ओढीमुळे उलट इंजिनाचे तेल हायड्रॉलिककडे जाते. तेव्हा बाहेर एक थेंबही न दिसता इंजिनाची पातळी उतरत राहते. डिझेलने पातळ झालेले तेल बेअरिंगांचा घात करते, म्हणून असे आढळले तर ट्रॅक्टर चालवणे तिथेच थांबवावे. शिवाय ब्रीदरची नळी इनटेकला जोडलेली असेल, तर जादा भरलेले तेल तिथून ओढले जाऊन इंजिन स्वतःच्याच तेलावर बेफाम पळू शकते. तसे झाल्यास स्टॉप लिव्हर ओढून उपयोग होत नाही, कारण जळणारे इंधन पंपातून येतच नसते. एअर क्लीनरच्या नळीच्या तोंडावर सपाट फळी दाबून हवा बंद करावी. तळहात किंवा कापड तिथे कधीही नेऊ नये.

दाब आणि पातळी निर्दोष ठरल्यावरच एकेक सांधा हाती घ्यावा. टॅपेट कव्हरपासून सुरुवात करणे योग्य, कारण तेच सर्वांत वर असते. पत्र्याच्या कव्हरचे बोल्ट पुनःपुन्हा आवळल्याने भोकांभोवतीचा पत्रा खाली दबतो आणि दोन बोल्टांमधला भाग वर उचलला जातो. कव्हर उलटे करून काचेवर किंवा सपाट लोखंडावर ठेवावे. खाली फट दिसली तर लाकडाचा आधार देऊन दबलेला भाग हलक्या ठोक्यांनी सपाट करावा. पॅकिंग फक्त कव्हरच्या बाजूला चिकटवावे, हेडच्या बाजूला कोरडे ठेवावे, म्हणजे टॅपेट सेटिंगच्या वेळी ते फाटत नाही. बोल्ट हळूहळू, आळीपाळीने, समोरासमोरचे असे आवळावेत. ६ मिलिमीटरच्या सामान्य पोलादी बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्क म्हणजे जवळजवळ त्याची मर्यादा असते. कॉर्कच्या पॅकिंगला त्याहून कमीच पुरतो. कॉर्क बाजूने फुगून बाहेर येऊ लागला की तो चिरडला जात आहे असे समजावे. बोल्टच्या डोक्याखालचे रबरी वायसर कडक झाले असतील तर पॅकिंग कितीही चांगले असले तरी तेल तिथून येते, आणि ते हमखास विसरले जातात.

पुढच्या सीलबाबत, ते नवे असूनही ओले का, याची दोन कारणे मला वारंवार आढळली आहेत. पहिले, सीलचा ओठ ज्या पुलीच्या हबवर फिरतो त्यावर वर्षानुवर्षांच्या घर्षणाने बारीक खाच पडलेली असते. पुली हातात घेऊन हबवरून नख आडवे फिरवावे. नख अडकले, तर त्या पृष्ठभागावर नवे सील टिकणार नाही. अशा वेळी सील बसते ती बैठक पुरेशी खोल असेल तर सील एक-दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवून ओठ कोऱ्या पृष्ठभागावर आणता येतो. नाहीतर हबवर पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची पातळ दुरुस्तीची बाही चढवावी लागते. दुसरे कारण चावीच्या, म्हणजे पुलीला क्रँकवर अडवणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या, खाचेचे. तेल सीलच्या ओठातून न येता पुली आणि क्रँक यांच्यामधून, चावीच्या खाचेतून सरकत पुलीच्या बोल्टपाशी बाहेर पडते. पुलीचा मधला भाग, म्हणजे बोल्टचे डोके आणि वायसर ओले, पण सीलची बाहेरची कड कोरडी, असे दिसले तर हाच प्रकार आहे. खाच स्वच्छ करून तिच्या टोकाला थोडे सीलंट लावून पुली बसवल्यावर हा दोष जातो. आपल्या इंजिनात सील बदलताना या दोन गोष्टी पाहिल्या होत्या का, हे विचारून घ्यावे.

मधल्या छोट्या जागा चटकन तपासता येतात. ऑइल फिल्टर बदलताना जुना रबरी गोल फिल्टरच्या बैठकीला चिकटून राहतो आणि त्यावरच नवा फिल्टर बसतो. दोन रबरे एकावर एक असली की दाब येताच तेल उसळते. वाटीच्या जुन्या प्रकारात खाचेच्या तळाशी जुना गोल काळा होऊन बसलेला असतो आणि तो खाचेचाच भाग वाटतो, म्हणून टोकदार सळईने खात्री करून घ्यावी. ऑइल प्रेशर स्विचच्या वायरचे टोक काढून आत तेल दिसले तर स्विच आतून फुटला आहे, आटे आवळून काही होणार नाही. ड्रेन प्लगखालचे तांब्याचे वायसर पुन्हा वापरायचे असेल तर ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावे. तांबे त्याने मऊ होते आणि पुन्हा नीट बसते. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले असतील तर मोठा प्लग ठोकून बसवण्यापेक्षा आतून तारेची नवी आटी बसवून घ्यावी.

डिझेल पंपाच्या बुडाशी गळती असेल तर मात्र एक धोका आधी समजून घ्यावा. बऱ्याच छोट्या इंजिनांत पंपाच्या तळाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या, असतात, आणि त्यांच्या एकूण जाडीवर इंजेक्शनचे टायमिंग अवलंबून असते. पंप उचलताना किती शिम निघाले, कोणत्या जाडीचे, हे मोजून ठेवावे आणि नेमके तेवढेच परत घालावेत. गळती थांबावी म्हणून एखादे जादा पॅकिंग घातले, की तेल थांबते पण इंजिनात डिझेल उशिरा पेटू लागते, ताकद घटते आणि धूर वाढतो. आणि त्या धुराचा संबंध पॅकिंगशी असेल हे नंतर कोणाच्याही लक्षात येत नाही.

आता बेल हाउसिंगच्या छिद्राबद्दल. त्या छिद्रात बहुधा एक सैल कॉटर पिन असते, छिद्र मातीने बुजू नये म्हणून. तिथून पडणाऱ्या तेलाचे उगम एकाहून अधिक असतात. क्रँकचे मागचे सील हा त्यांतला एक. फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या, मागे कॅमशाफ्टच्या भोकाचे झाकण आणि मुख्य तेलमार्गाचा प्लग हेही असतात. त्यांची गळती बाहेरून अगदी मागच्या सीलसारखी दिसते. काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या बोल्टची भोके क्रँकमधून आरपार आत जातात आणि आट्यांमधून तेल झिरपते. चेंबरच्या पॅकिंगचा मागचा कोपरा, जिथे ते अर्धगोल वळते, तोही तिथेच उघडतो. आणि टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेचे तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून सांध्यातून हाउसिंगमध्ये शिरते, तेव्हा तर आतले काहीच बिघडलेले नसते. याउलट थेंब काळा नसून पिवळसर असेल, तर गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील पाहावे. इंजिनाचा त्यात दोष नाही.

म्हणून उघडण्यापूर्वी स्टार्टर काढावा. त्याच्या भोकातून टॉर्च आणि आरसा घालून फ्लायव्हीलची कड आणि हाउसिंगची आतली भिंत पाहता येते. तेल फ्लायव्हीलने गोल फेकलेले, सर्व भिंतीवर कडे उमटवलेले असेल तर ते मध्यातून, म्हणजे सील किंवा बोल्टमधून येते आहे. एकाच बाजूने वरून खाली ओघळ असेल तर ते प्लगमधून किंवा बाहेरच्या सांध्यातून आलेले आहे. एवढ्या एका पाहणीने कित्येकदा ट्रॅक्टर उघडण्याचे काम वाचते.

पाहणीअंती मागचेच सील दोषी ठरले, तर उघडावे. त्याला दुसरा इलाज नाही, कारण तेल क्लचच्या प्लेटवर पोहोचले की क्लच घसरू लागतो. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत घालू नये, गरम झाल्यावर आतले तेल पुन्हा वर येते. उघडताना जीवाला धोका असतो तो इंजिन कलंडण्याचा: पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनवर डुलणारा असतो, त्यामुळे मागचा भाग वेगळा होताच इंजिन कोणत्याही बाजूला झुकू शकते. बोल्ट सैल करण्याआधी ॲक्सल आणि त्याच्या वरच्या चौकटीच्या मध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकून ते डुलणे बंद करावे, चाकांना अडण लावावी, बॅटरी सोडावी, आणि दोन्ही भागांखाली भक्कम स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकवर भार ठेवून खाली शिरू नये.

फ्लायव्हील निघाल्यावर सील उपटण्याआधी क्रँकची हालचाल डायल गेजने मोजावी. पुढे-मागे होणारा खेळ बऱ्याच इंजिनांत ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या दरम्यान अपेक्षित असतो, पण शेवटचा शब्द पुस्तिकेचा. क्रँक वर-खाली हलत असेल तर मेन बेअरिंग झिजले आहे आणि नवे सील फार दिवस कोरडे राहणार नाही. सील बसवताना त्याच्याच बाहेरच्या व्यासाच्या कड्याने सर्व बाजूंनी सारखे आत दाबावे, एका कडेवर हातोडी मारू नये. ओठामागची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे हवी, आणि ती निसटू नये म्हणून खाचेत थोडे ग्रीस भरावे. साध्या रबरी ओठाला तेल लावून बसवतात, परंतु पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) सील निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे बहुधा कोरडेच बसवायचे असते. जुन्या घडणीच्या इंजिनांत दोरीचे सील असते. ते तेलात भिजवून गुळगुळीत गोल दांड्याने खाचेत घोटून बसवावे आणि टोके खाचेच्या पातळीपेक्षा किंचित वर राहू द्यावीत, म्हणजे दोन अर्धगोल जुळताना ती एकमेकांवर दाबली जातात. ट्रॅक्टर उघडलेलाच असल्याने मागचे प्लग, इनपुट शाफ्टचे सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग याच वेळी पाहून घ्यावेत.

सीलंटविषयी माझे मत कडक आहे. सिलिकॉन जिथे सांगितले आहे तिथेच, स्वच्छ आणि तेलविरहित पृष्ठभागावर, २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या एका अखंड रेषेत लावावे. भरमसाट लावले की जेवढे बाहेर दिसते तेवढेच आतही फुगते, त्याचे तुकडे सुटतात आणि तेलपंपाच्या गाळणीवर जाऊन बसतात. मग थेंबभर गळती वाचवण्याच्या नादात अख्खे इंजिन तेलावाचून जाते. ते हवेतल्या ओलाव्याने सुकते, त्यामुळे पूर्ण घट्ट होण्यास साधारण २४ तास लागतात. त्याआधी तेल भरून इंजिन चालू करणे म्हणजे केलेले काम मोडणे. ऑइल प्रेशर स्विचच्या आट्यांवर टेप गुंडाळू नये, तिचे धागे तेलमार्गात जातात. गळती बंद करणारी बाटलीतली औषधे रबर फुगवून काही काळ आराम देतात. कडक झालेल्या सीलवर त्यांचा थोडा परिणाम होतो, पण खाच पडलेल्या शाफ्टवर, तुटलेल्या पॅकिंगवर किंवा तुंबलेल्या ब्रीदरवर काहीच होत नाही. अधिक जाड तेल घालून गळती दाबणेही मला मान्य नाही, थंड सुरुवातीला तेच तेल बेअरिंगांपर्यंत उशिरा पोहोचते.

आपल्या बाबतीत क्रम असा ठेवावा. आधी ब्रीदर उघडून साफ करावा, पातळी आणि तेलातले डिझेल तपासावे, इंजिन धुऊन पूड लावून टप्प्याटप्प्याने चालवावे, मग पुलीचा मध्यभाग आणि टॅपेट कव्हरची मागची कड पाहावी, आणि शेवटी स्टार्टरच्या भोकातून आत डोकावावे. तोवर ट्रॅक्टर वापरायचा असल्यास रोज सुरू करण्यापूर्वी पातळी पाहावी, आणि एक्झॉस्टवर तेल पडत असेल तर सुक्या काडाच्या किंवा भुशाच्या जवळ काम करू नये, कारण तापलेल्या मॅनिफोल्डवरचे तेल पेट घेते. जी दुरुस्ती होईल तिच्यानंतर इंजिन दोन-तीनदा गरम करून पूर्ण थंड होऊ द्यावे, पॅकिंगचे बोल्ट थंड अवस्थेत एकदा पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत, आणि सुमारे १० तासांच्या कामानंतर त्याच पांढऱ्या पुठ्ठ्यावर एक रात्र ट्रॅक्टर उभा करून पाहावा. एखाद्या सांध्यावर नुसता ओलसर घाम दिसला आणि थेंब पडत नसेल, तर तो तसाच ठेवून त्यावर फक्त लक्ष ठेवावे.